मामांची पहिली बकेट

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुठलीही वस्तू नुसती पाहिलेली नाही. ते ती तोलतात. डोळ्यांनी तोलतात, जमलं तर हातांनी तोलतात, आणि कोणी विचारलेलं नसताना आकडा सांगून मोकळे होतात. आमच्या लग्नात मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला खांद्यांना धरून वीतभर उचललं आणि माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "त्रेसष्ट किलो. जावयाक जेवक घाला." माझी आई तो अपमान अजून विसरलेली नाही. खाडी ओलांडताना होडीत चढलेल्या माणसांना ते उठवून डावी-उजवीकडे वाटून बसवतात, आणि कोणाला का उठवलं हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात. देवगडहून आणलेली हापूसची पेटी मी त्यांच्या हातात दिली, तेव्हा ती न उघडताच "दोन आंबे कमी आसत" म्हणाले. ते दोन मी एसटीत खाल्ले होते.

असा माणूस सणावारी भेटला तर गंमत वाटते. मला तो बारा वर्षं रोज भेटतो. बांद्याच्या अलीकडे एका खडी क्रशरवर ते लोडर चालवतात आणि फाटकाशी असलेल्या वजनकाट्यावर मी बसतो. दिवसभर धूळ, पावसाळ्यात चिखल, तोच खडखडाट आणि त्यात मामा. लोडरच्या चार बकेटा खडी टाकली की दहा टनी गाडी भरते. चौथी ओतली की मामा हॉर्न वाजवून केबिनमधून ओरडायचे, "धा टन, वर वायच!" म्हणजे दहा टन आणि वर थोडंसं. मग गाडी माझ्या काट्यावर यायची, मी आकडा वाचायचो, आणि फरक पडलाच तर चार घमेल्यांचा. तरी मामांचं समाधान होत नसे. "जावयानू, तुमचो काटो जरा जड झालोहा," असं ते दुपारी डबा उघडता उघडता ऐकवत. हे बारा वर्षं ऐकून मी इतका विटलो होतो, की त्यांच्या हॉर्नबरोबर माझं डोकं आपोआप दुखायला लागायचं.

यंदा मालकांनी नवा लोडर आणला. त्याच्या केबिनमध्ये एक पडदा आहे. बकेट उचलली की तिच्यातल्या खडीचं वजन पडद्यावर येतं, बटण दाबलं की ते बेरजेत जमा होतं, आणि दहा टन झाले की पडदा हिरवा होतो. मालकांनी नारळ फोडला आणि मामांना बजावलं, "आता अंदाज नको. पडदो सांगता तसा भरा." माझी डोकेदुखी संपली म्हणून मी आणखी एक पेढा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडी काट्यावर अडीच टन जादा भरू लागली. जादा वजन घेऊन गाडी रस्त्यावर सोडता येत नाही. ती परत जायची, खडी उतरवायची, पुन्हा यायची. फाटकापासून हमरस्त्यापर्यंत रांग लागली आणि सगळे ड्रायव्हर माझ्या खिडकीशी येऊन मला शिव्या देऊ लागले. काटा तपासला, तो बरोबर. पडदा बसवणारे येऊन गेले, पडदाही बरोबर. चौथ्या दिवशी मालक मला म्हणाले, "मामांका आता घराक बसवया. सोमवारी कुडाळसून नवीन ऑपरेटर येता."

मामी गेल्यापासून मामांना घर असं उरलेलंच नाही. ती केबिनमधली खुर्ची तेवढी आहे. मला मनापासून वाईट वाटलं. मी काटा बंद केला आणि लोडरवर चढून मामांच्या शेजारी उभा राहिलो.

मामांनी पहिली बकेट उचलली, पडद्यावर अडीच टन आले, मामा पुटपुटले, "लाभ," आणि बटण न दाबताच खडी गाडीत ओतली. मग "दोन," आणि बटण. "तीन," आणि बटण. भात मापताना आमच्याकडे पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मामांनी जन्मभर खडीही तशीच मापली होती. पण पडद्याला बटण दाबलेल्या चार बकेटा हव्या होत्या, म्हणून गाडीत पाच जात होत्या.

"मामानू, पहिल्या बकेटीक बटण?"

"लाभ बटणात घालूचो नसता. तो देवाचो."

"पण गाडी जादा भरता, ता तुमका कळाक नाय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "चौथ्याकच कळता. पण माका कोणी इचारल्यान?"

मी बराच वेळ समजूत घातली. तोंडाने लाभ म्हणा, बोटाने बटण दाबा, देवाला दोन्ही चालतं. शेवटी त्यांनी दाबलं. त्या गाडीपासून वजन जुळलं, मी मालकांना सगळं समजावलं, आणि कुडाळचा ऑपरेटर आलाच नाही.

खुर्ची राहिली, पण हॉर्न बंद झाला. पडदा हिरवा होतो, गाडी निघते, मामा समोर बघत बसतात. डबाही मुकाट खातात. माझ्या काट्याला आता कोणी जड म्हणत नाही. ज्या ओरडण्याला मी विटलो होतो, तेच ऐकू येत नाही म्हणून मला काम नकोसं होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

परवा एक गाडी काट्यावर आली तेव्हा मी खिडकीतून मान काढून ओरडलो, "मामानू, किती?"

"पडद्यार लिवलेला आसा."

"पडदो माका हयसून दिसणा नाय. तुमी सांगा."

मामा केबिनमधून उतरून काट्यापाशी आले. गाडीच्या मागच्या टायरांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, एकदा डोळे मिटले, आणि म्हणाले, "साडेनव. वर वायच." मग अगदी हळू विचारलं, "काटो काय म्हणता?"

काट्यावर दहा टन आणि वर साठ किलो होते. पडदा दहालाच हिरवा झाला होता, तरी मामांनी डोळ्यांचाच आकडा सांगितला, आणि बारा वर्षांत ते एवढे कधीच चुकले नव्हते.

"तुमी म्हणतास ताच," मी म्हणालो, आणि वहीत खरा आकडा लिहिला.

मामा मान हलवत लोडरकडे परत गेले. वर चढून बसल्यावर त्यांनी हॉर्न वाजवला.