गाडीचं पांढरं औषध

दत्ता गेल्याचा निरोप घेऊन त्याचा पुतण्या कडावहून सायकलवर आला, तेव्हा मी कर्जतच्या माझ्या दुकानात होतो. त्याने तोंड उघडायच्या आधीच माझे हातपाय गार पडले. दत्ताच्या घरून कोणी घाईघाईने आलं की माझं असंच व्हायचं. इतकी वर्षं गेली, तरी ते भय काही अंगातून निघालं नाही... आज दत्ताला जाऊन महिना होत आला. त्याची आई तर केव्हाच गेली. आता ही गोष्ट सांगितल्याने कुणाच्या जिवाला लागेल असं कोणी उरलेलं नाही, म्हणून सांगतो.

आम्ही शाळेपासूनचे सोबती. पुढे दोघांनी मिळून एक जुना ट्रक घेतला. सकाळी कडावचं दूध कर्जतला पोचवायचं आणि नंतर भाताची पोती घेऊन खोपोलीवरून घाट चढायचा, हा आमचा धंदा. दत्ता सापाला भ्यायचा नाही, पण इंजिन तापण्याला फार भ्यायचा. घाटात एका ड्रायव्हरने उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि त्याच्या तोंडाचं काय झालं, ते दत्ताने स्वतः पाहिलं होतं. घाट चढताना त्याचा एक डोळा सतत तापमानाच्या काट्यावर. ‘‘बायकोला ताप आला तर इतक्यांदा बघतोस का रं?’’ असं मी चिडवायचो. तो हसायचा नाही.

त्या काळी बाकीचे ट्रकवाले रेडिएटरमध्ये विहिरीचं, ओढ्याचं, मिळेल ते पाणी ओतायचे. आतून गंज सुटून त्या पाण्याचा चहा व्हायचा. खोपोलीच्या एका कारखान्यातला फिटर दत्ताच्या ओळखीचा होता. त्याने गंज धरू नये म्हणून पाण्यात घालायची दोन औषधं सांगितली. एक पिवळा क्षार. तो लोखंडावर पापुद्रा धरतो आणि गंज लागू देत नाही, पण जहरी. दुसरं म्हणजे पाण्यात विरघळणारं तेल, त्यात वेगळा क्षार घातलेला. ते पडलं की पाणी पांढरंशुभ्र होतं. तोही क्षार पोटात गेला तर रक्त काळवंडतं, तान्ह्या पोरांना तर मुळीच सोसत नाही, आणि तो रेडिएटरची झाळ, म्हणजे सांध्यांवरचं कथील-शिसं, खातो, असंही फिटरने बजावलं होतं. दत्ताने आधी पिवळं वापरलं. त्यापायी त्याच्या बोटांना नखांपाशी खोल व्रण पडले आणि ते भरेनात. ‘‘पिवळं नको, वसंता,’’ तो एक दिवस म्हणाला. ‘‘घरात पोरं हायत, गुरं हायत. पांढरंच बरं.’’ फिटरचं बोलणं आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. पण दुधाच्या धंद्यातल्या माणसांना पांढऱ्या रंगाची भीती वाटत नाही, हेच खरं.

फिटरने सांगितलं तसंच झालं. पांढऱ्या औषधाने झाळ खाल्ली आणि रेडिएटर गळू लागला. तो काढून कर्जतला झाळायला न्यायचा होता. औषध सहजी मिळायचं नाही, म्हणून दत्ताने ते पाणी फेकून न देता एका रिकाम्या कॅनमध्ये काढून गोठ्याच्या पडवीत ठेवलं. आमच्याकडे भांडं म्हणून काय, दुधाचे कॅनच. संध्याकाळी रेडिएटर बसवला. गळतोय का ते आधी पाहावं म्हणून त्यात साधं पाणीच घातलं. सकाळी दूध पोचवून परत आलो आणि दत्ता औषधाचं पाणी भरायला पडवीत गेला. तिथे कॅन नव्हता.

त्याची आई शेण गोळा करत होती. ‘‘आये, हितला कॅन कुटं गेला गं?’’ त्याने विचारलं. त्याचा आवाज अगदी साधा होता, पण मला त्याचा चेहरा दिसत होता.

‘‘त्यो व्हय,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘झाकण उघडून बगतलं, तर दूद. म्हंटलं, पोर इसरला. ओला गोणपाट टाकला नि पहाटं बाकीच्या कॅनांच्या रांगंत नेऊन ठेवला. नायतर नासलं असतं.’’

घरभर ट्रकच्या तेलाचा वास असायचाच. तिला त्यात वेगळं काय कळणार होतं?

दत्ता म्हणाला, ‘‘बरं केलंस, आये.’’ आणि ट्रककडे पळाला.

कडाव ते कर्जत रस्ता तो केवढा, पण त्या दिवशी तो संपेना. दूध तीन ठिकाणी उतरायचं... एक हॉटेल, एक मिठाईवाला आणि एक खासगी प्रसूतिगृह. तिथे माझी बायको कुसुम बाळंत झालेली होती. मुलीचं नावही अजून ठेवलं नव्हतं. हॉटेलातले कॅन आम्ही एकेक उघडून हुंगले. मिठाईवाल्याच्या कढईत दत्ताने बोट घालून चाखलं. दोन्हीकडे दूधच निघालं. तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात शेगडीवर मोठं पातेलं चढलेलं होतं. आयाबाई त्यात सुंठ-साखर घालून ढवळत होती. आम्हाला पाहताच ती करवादली, ‘‘काय रं, कसलं दूद देता? राकेलचा वास येतोय. म्हंटलं, सुंठ घालून आटवलं की जाईल. बाळंतिणी कवाच्या वाट बगतायत.’’

शेजारी पेले मांडून ठेवलेले होते. दत्ताने फडकं शोधलं नाही. दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं. हात भाजले, पण तो ओरडला नाही. ‘‘कुणाला दिलंस का? कुणाला दिलंस का?’’ एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. कुणालाच दिलं नव्हतं. मी धावत कुसुमकडे गेलो. ती मुलीला पाजत होती. मला बघून म्हणाली, ‘‘असे काय घामाघूम?’’ बाहेर आलो तर दत्ता पायरीवर बसून भाजलेल्या हातांवर फुंकर घालत होता. म्हणाला, ‘‘आयेला यातलं कधी कळता कामा नाय. ती जीव दील.’’

म्हातारीला कधीच कळलं नाही. दत्ता पुन्हा पिवळ्या औषधावर आला. व्रण पडले तर पडू देत, निदान त्याचा रंग तरी खोटं बोलत नाही, असं तो म्हणे. आणि त्या दिवसापासून त्याने एक रीत धरली. ट्रकमध्ये चढवण्याआधी प्रत्येक कॅन उघडायचा, ओंजळभर दूध प्यायचं आणि थोडा वेळ थांबायचं. लोकांनी त्याला खादाड म्हटलं, वेडा म्हटलं. पुढे ट्रक विकला, दूध न्यायला टेंपो येऊ लागला, कॅनही दुसऱ्यांचे असायचे, तरी तो रोज पहाटे प्यायचाच.

गेल्या आठवड्यात कडावला गेलो. टेंपो दारात उभा होता. दत्ताची बायको, सुमनवैनी, कॅनांपाशी उभी होती. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, ‘‘थांबा भावजी.’’ तिने झाकण काढलं, ओंजळ भरली आणि प्याली. मग मला विचारलं, ‘‘हे कशापायी करायचे, ते कधी बोलले नायत. तुमाला ठाव हाय का?’’

मी तिला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर पदराने ओठ पुसले, पुढच्या कॅनचं झाकण काढलं आणि पुन्हा ओंजळ भरली.