बंदुकीचा ताबा

वडील गेल्यावर वारसाची सगळी कामं मी वेळेत उरकली. सातबाऱ्यावर नाव लागलं, बँकेचं खातं बदललं, विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिलही माझ्या नावावर आलं. फक्त बंदूक राहिली. रानडुकरांपासून पीक राखायला वडिलांनी तिचा परवाना काढला होता. शेत आपलं तशी तीही आपलीच, असं मी खुशाल धरून चाललो. शाळेत मास्तर, पण अक्कल तेवढीच.

खंडेनवमीला आईनं विळे, कोयते, नांगराचा फाळ मांडला आणि शेजारी बंदूक ठेवून हळदकुंकू वाहिलं. मी हौसेनं फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत धाराशिवला वकिली करणाऱ्या धाकट्या चुलतभावाचा फोन आला.

"दादा, त्यो फोटो आधी ग्रुपवरनं काढा. परवाना काकांच्या नावाचा होता. काका गेले, परवानाबी गेला. चौदा महिनं तुम्ही बिनपरवान्याचं हत्यार घरात ठिवलंय!"

"अरे, स्वतःच्या रक्षणाचा हक्क असतोच की माणसाला."

"एका हायकोर्टानं मागं तसं धरलं होतं. पुढं त्याच कोर्टाच्या जास्त जजांनी एकत्र बसून ते फिरवलं. आता हत्यार ठेवणं हक्क न्हाय, सरकारनं दिलेली मुभा हाय. तुमच्याकडं तर तीबी न्हाय."

मी बंदूक परत कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. ठाण्यात न्यावी तर वाटेत पकडणार, घरात ठेवावी तर घरात. गुन्हा नोंदला गेला की नोकरी गेलीच. फोटो ग्रुपवरून उडवला, पण तोवर निम्म्या भावकीनं पाहिला होता. दारापुढं मोटारसायकल थांबली तरी मी आधी खिडकीतून डोकावायचो. मला वडिलांचा रागसुद्धा आला, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी भावानं सांगितल्याप्रमाणं रिकाम्या हातानं ठाण्यात जाऊन, घरी येऊन बंदूक जमा करून घ्या, असा अर्ज दिला. दुपारी हवालदार दोन पंच घेऊन घरी आले आणि ओसरीवर बसून पंचनामा लिहू लागले.

"सर, वडील गेल्यापासनं बंदूक कुणाच्या ताब्यात होती?"

कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती.

"माझ्या," आई म्हणाली. "म्याच ठिवली. ह्याचा कायबी संबंध न्हाय."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिशातली किल्ली मुठीत दाबली. त्यांनी आईचं नाव लिहिलं, वय विचारलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

सही कुठं करायची, ते मी तिला बोट ठेवून दाखवलं.