गरम पाण्यातला मस्की

आमच्या केंब्रिजच्या घराचं गराज उघडलं की नव्या माणसाला वाटावं, इथे कुणी शिकारी राहतो. भिंतीवर हातभर लांबीची आमिषं टांगलेली. काही लाकडी, काही रबरी, काहींना केसांचे झुपके आणि पितळेची गोल पाती, आणि प्रत्येकाच्या पोटाखाली तीन तोंडांचे गळ. कोपऱ्यात एवढं मोठं जाळं की त्यात चार वर्षांचं पोर आरामात झोपेल. हा सगळा संसार माझ्या नवऱ्याचा, नंदकुमारांचा. मूळ नागपूरचे, घरात अंडंसुद्धा न आलेले. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर मस्की नावाच्या माशाच्या मागे लागले. मी म्हणायचे, माझ्या मागे कधी एवढे लागला नाहीत.

मस्की म्हणजे गोड्या पाण्यातला दांडगा मासा. उभा धरला तर कमरेपर्यंत येईल एवढा लांब, तोंडात सुयांसारखे दात आणि स्वभावाने अतिशय आखडू. दिवसच्या दिवस आमिष फेका, ढुंकून बघत नाही. बघितलंच तर आमिषामागून बोटीपर्यंत येतो आणि परत जातो. म्हणून आमिष बोटीशी आलं तरी लगेच उचलायचं नाही. गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडवून तिथल्या तिथे आठचा आकडा काढायचा. इंग्रजी आठ, मराठी नव्हे. मराठी आठ काढलात तर मासा हसून निघून जातो, असं नंदकुमार नवशिक्यांना सांगायचे, आणि हसणारे ते एकटेच असायचे.

मासा ते कधी घरी आणत नसत. धरायचा, जाळ्यातच पाण्यात ठेवायचा, गळ अडकला असेल तर कटरने गळच तोडायचा आणि सोडून द्यायचा. इथल्या क्लबमध्ये दर सप्टेंबरला ते नव्या लोकांना मासा सोडायचा कसा हे शिकवायचे. धरण्यापेक्षा सोडणं अवघड, हे त्यांचं पेटंट वाक्य. मला त्यात थोडा साळसूदपणाही दिसायचा. शाकाहारी माणसाला जिवाशी खेळायचं असेल तर काहीतरी पांघरूण लागतंच. पण ते पांघरूण त्यांनी इमानाने जपलं होतं. पाणी फार तापलं की त्यात प्राणवायू कमी होतो, दमलेला मासा सुटूनही मरतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात आमची बोट ताडपत्रीखाली असायची. कुणीही कितीही गळ घातली तरी ती निघत नसे.

गेल्या जुलैत आमचे व्याही आले. अरविंदराव, आमची सून ईरा हिचे वडील, रत्नागिरीचे. मुलाचं आणि ईराचं घर ग्वेल्फला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रोजचं येणं-जाणं होतं. माणूस दिलखुलास. बाजारात मासळीचे डोळे बघून ती कधीची आहे ते सांगणारा. परत जायच्या दोन दिवस आधी आमच्याकडे जेवताना म्हणाले, "नंदकुमारराव, तुमचा तो मस्की एकदा बघायचा राहिला हो."

बाहेर आठवडाभर रणरणतं ऊन होतं. नंदकुमार म्हणाले, "पाणी जरा गरम आहे सध्या." अरविंदराव हसले आणि म्हणाले, "बरं, राहू दे. पुढच्या खेपेला. आलोच तर."

तो "आलोच तर" मला लागला. आम्ही मुलाकडचे. लग्नातसुद्धा आम्ही जपून होतो, की मुलीकडच्यांना कुठे कमी लेखल्यासारखं वाटू नये. स्वयंपाकघरात मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, न्या ना एकदा. व्याह्यांपुढे कसला नियम? आखडूपणा दिसतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री निघाली.

पीटरबरोच्या वरच्या अंगाला तळी आहेत, तिथे आम्ही तिघं गेलो. बोटीच्या स्क्रीनवर पाण्याचं तापमान दिसतं. नंदकुमारांनी ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि त्यांनी स्क्रीनवर आपली टोपी ठेवली. मी काय ते समजले आणि थर्मासमधला चहा ओतायला लागले.

दैव बघा. एरवी आठ-आठ दिवस तोंड न दाखवणारा मासा तासाभरात आला. आमिषामागे एक लांबडी सावली, मग आठचा आकडा, आणि दुसऱ्या वळणावर पाणी फुटलं. एरवी नंदकुमार जाड दोरी लावून माशाला झटपट आणतात, दमू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी काठी अरविंदरावांच्या हातात दिली. "घ्या, तुम्ही ओढा." पाहुण्याला पहिला मान. अरविंदरावांना ते दोरी गुंडाळायचं यंत्र कुठे माहीत! ते ओढत होते, सोडत होते, लहान पोरासारखे ओरडत होते, आणि तिकडे मासा दमत होता.

जाळ्यात आल्यावर गळ निघाला. मग फोटो. अरविंदरावांनी मासा दोन्ही हातांवर घेतला, मी फोन धरला. त्यांच्या सांगण्यावरून मीच त्यांचा चष्मा काढला, टोपी सरळ केली. "विहीणबाई, एक आडवा. आता व्हिडिओ, ईराच्या आईला दाखवायचाय." नंदकुमार म्हणत होते, "हं... बस आता." इतक्या हळू की मलाच तेवढं ऐकू आलं. एरवी माझ्याकडून फोटोला क्षणभर उशीर झाला तर खेकसणारा माणूस! मीही थांबले नाही. एक घेतला, अजून एक घेतला.

मग नंदकुमारांनी माशाला पाण्यात धरलं, शेपटीशी, पाठ वर राहील असं. तो कुशीवर कलंडायला लागला. त्यांनी पुन्हा सरळ केला. खांद्यापर्यंत भिजले, गुडघे बोटीच्या कडेवर सोलले. एकदा मासा हातातून निघून खाली गेला आणि मी "गेला, गेला!" म्हणून टाळी वाजवली. थोड्या वेळाने पांढरं पोट वर आलं. त्यांनी पुन्हा धरला. पुष्कळ वेळ धरला. मेलाय हे आम्हा तिघांनाही कळलं होतं, तरी धरून होते.

"मग घेऊ या बरोबर," अरविंदराव समजुतीने म्हणाले. "ईरा तिरफळं घालून छान आमटी करेल."

"कायद्याला लागते त्यापेक्षा लांबी कमी आहे. न्यायची परवानगी नाही."

"मेलेलासुद्धा सोडायचा?"

"हो."

"अन्न आहे हो ते. खायचा नव्हता, तर धरला कशाला?"

टोचून बोलले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. नंदकुमारांची मान जी खाली गेली ती घरी येईपर्यंत वर आली नाही.

मी वाटेतून धाडलेले फोटो तोवर आमच्या मुलाने चौफेर पाठवले होते. संध्याकाळी जेवताना क्लबच्या जयदीपचा फोन आला, स्पीकरवर. "काका, व्हॉट अ फिश! रिलीज कसा झाला?"

माझा हात वरणाच्या डावावर थांबला.

"छान," नंदकुमार म्हणाले. "स्वॅम ऑफ स्ट्राँग. जोरात पोहत गेला."

"ग्रेट! मग हाच फोटो आपल्या सप्टेंबरच्या पोस्टरवर टाकतो, ओके?"

"ओके."

अरविंदराव ताटाकडे बघत राहिले. माझ्या नवऱ्याला मी इतक्या वर्षांत असं सरळ खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विमानतळावर अरविंदराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "विहीणबाई, मी आग्रह करायला नको होता." मी म्हटलं, "छे हो, त्यात काय एवढं!" हेही खोटंच.

त्यानंतर नंदकुमार बोटीकडे फिरकले नाहीत. यंदा शिकवायला जमणार नाही असं क्लबला कळवतील, असं मला वाटलं होतं, पण तेही केलं नाही. सप्टेंबरमध्ये आम्ही हॉलमध्ये गेलो तेव्हा दारातच ते पोस्टर होतं. अरविंदराव हसताहेत, हातावर मासा. शेजारी नंदकुमारांचं अर्धवट तोंड. येणारा प्रत्येक जण त्यांच्या पाठीवर थाप मारत होता आणि प्रत्येक थापेला ते आत आत जात होते.

रबरी मासा घेऊन त्यांनी शिकवायला सुरुवात केली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "मासा पाण्याबाहेर किती वेळ ठेवायचा?"

"उचलताना आपला श्वास रोखायचा," ते इंग्रजीत म्हणाले. "आपल्याला श्वास हवासा वाटला, की त्यालाही हवा असतो."

आणि रबरी मासा उचलून त्यांनी श्वास रोखला. लोक कौतुकाने बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला, मग काळपट झाला, कपाळाची शीर फुगली. मी खुर्चीतून उठलेच. तेव्हा कुठे त्यांनी मासा खाली ठेवला आणि टेबलाला धरून धापा टाकल्या.

"पोस्टरवरचा मासा यापेक्षा जास्त वेळ बाहेर होता," ते म्हणाले. "तो मेला. पाणी गरम होतं. मला ते माहीत होतं."

जयदीप दाराशी उभा होता. त्याने विचारलं, "काका, मग मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," नंदकुमार मराठीत म्हणाले.

"कुणाची? व्याह्यांची?"

"नाही रे. त्यांना तर काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सहज मागितलं, आणि मी त्यांचं मन राखायला माशाचा जीव दिला. माझा थोडाच होता तो द्यायला?"