अकोल्याच्या माइकवरचं एक पान

अमरावतीचं बसस्थानक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मार्च नुकता लागला होता आणि ऊन असं होतं, की फलाटावरची कुत्री खांबाच्या सावलीसाठी रांग लावून उभी होती. यात अतिशयोक्ती असलीच तर ती रांगेपुरती. साताऱ्याहून निघताना बायकोनं आग्रहानं स्वेटर दिला होता. बडनेऱ्याला रेल्वेतून उतरलो तेव्हा तो पिशवीतल्या पिशवीत उकडून निघाला असावा.

मी आलो होतो एका साहित्य पुरस्कारासाठी. भारतातल्या नाना भाषांतल्या लेखकांना एका मंचावर बोलावून गौरवायचं, असा तो पुरस्कार. यंदाचा सोहळा अकोल्याला होता आणि निवड समितीत माझी वर्णी लागली होती. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेतलं एक गोष्टींचं पुस्तक आम्ही एकमतानं निवडलं होतं. अर्थात समोरच्या पानावरचा मराठी अनुवाद वाचून, कारण समितीत कोरकू येत होती कुणाला? लेखिका रामकलीबाई, धारणीकडच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना अमरावतीत गाठून अकोल्याला न्यायचं काम माझ्याकडे होतं.

धारणीची बस आली ती मेळघाटातली निम्मी माती टपावर घेऊन. त्या मातीतून एक लहानखुऱ्या, ताठ बाई उतरल्या. त्यांना घ्यायला नात आली होती, सविता. इथंच कॉलेजात शिकणारी, गॉगल लावणारी. आजी तिच्याशी कोरकूत बोलायला लागल्या तशी सवितानं इकडंतिकडं पाहिलं.

"आजी, हळू बोल ना. लोक पाहून राहिले."

लोक कुणी पाहत नव्हते. लोक गिला वडा खात होते. गिला वडा (दह्यात बुडवलेला वडा, वर तिखट-गोड चटण्यांचा पूर) आम्हीही खाल्ला. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. दुसऱ्याला मेलेले आजोबा दिसले. तिसरी प्लेट मात्र मी स्वतःहून मागितली.

अकोल्याच्या बसमध्ये आम्ही तिघं एका बाकावर. कंडक्टर माझ्या बॅगेकडं बोट दाखवून म्हणाला, "काका, बॅगीचं बी रिझर्वेशन हाय काय? घ्या न मांडीवर!" बॅग मांडीवर घेतल्यावर खिडकीबाहेरचं वऱ्हाड मला फक्त डाव्या डोळ्यानं दिसलं. काळी जमीन, भेगांनी फाटलेली, आणि मैलोन्‌मैल वाळक्या पऱ्हाट्या (कापूस वेचून झालेली झाडं). त्यांच्यावर अडकलेले कापसाचे चुकार पुंजके. मूर्तिजापूरच्या अलीकडं टायर बसलं. तेवढ्या वेळात एका काटकुळ्या बाभळीखाली साठ माणसं मावली, हे मी शपथेवर सांगतो.

आजी सारखं कोरकूत काही विचारायच्या आणि सविता मराठीत उत्तर द्यायची. शेवटी मी विचारलं, "तू का नाही गं बोलत?"

"समजते मले, सर. बोलता नाही येत. आणि बोलून करायचं काय? चुलीजवळची भाषा हाय ते. माइकवर कोणी बोलते काय?"

रामकलीबाई हसल्या. थैलीतलं पुस्तक काढून त्यांनी एक पान दाखवलं. कडा बोटांनी मऊ झालेल्या.

"म्हणून तर चालले, सर. बक्षीस त्यांनी पोस्टानं पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण हे पान मी तिथं माइकवर वाचणार. मोठ्या हॉलमध्ये, स्पीकरमधून, हिच्या कानावर एकदा पडू दे. मग पाहू, चुलीजवळची म्हणते काय."

"वाच, वाच," सविता म्हणाली. "पण साडी ते हिरवी घाल."

हॉल भव्य होता. मंचावर खुर्च्या इतक्या, की लेखकांना मागच्या रांगेत बसवावं लागलं. पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलनाला पंखे बंद केले, मग पाहुणे घामाघूम झाले म्हणून लावले, मग दिवे विझले. मग सत्कार. आपल्याकडं ज्याचा सत्कार राहिला तो जन्मभर बोलत नाही, हे खरं. पण इथं अध्यक्षांचा झाला, ज्यांनी तो केला त्यांचा झाला, शाली ज्यांनी आणल्या त्यांचा, आणि मंडपवाल्याचा सहकुटुंब. शालींचा असा डोंगर साचला, की अध्यक्षांचं फक्त चष्म्याचं टोक दिसत होतं. भारतीय भाषांच्या वैभवावर तीन भाषणं झाली, तिन्ही मराठीत.

लेखकांची पाळी आली तेव्हा दारातून साखरपुड्याची फुलांची कमान आत येत होती. पुढचं बुकिंग! निवेदक पळत सुटल्यासारखा नावं घेऊ लागला. रामकलीबाईंनी मानचिन्ह घेतलं, खुर्चीवर ठेवलं आणि पुस्तक उघडून माइकशी उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत सवितानं मोबाईल वर धरला.

निवेदकानं माइकवर हात ठेवला. "आजी, वाचन राहू द्या. वेळ नाही, आणि कोणाले समजणार? मराठीत दोन शब्द बोला ना. नाहीतर तुमचं एखादं नाचाचं गाणं म्हणा! लोक खूश होतील!"

मी उठलो. "अहो, एकच पान आहे. त्यासाठीच आल्यात त्या."

"सर!" निवेदक माझ्याकडं वळला, "तुमचा सत्कार राहिलाच न!" आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या डोक्यावरून शाल पडली. मी ती बाजूला सारेपर्यंत रामकलीबाई बोलूनही गेल्या होत्या.

"सर्वांचे आभार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्पीकर अप्रतिम होता. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी होती. तुपात बुडालेला रोडगा दातांनी फुटेना, आणि पहिल्यांदाच मला त्यावर काही विनोद सुचला नाही. सविता मोबाईल घेऊन आली.

"आजी, फोटो मस्त आला तुझा."

रामकलीबाईंनी फोटो पाहिला. पुस्तक थैलीत ठेवलं. मग नातीला शुद्ध, शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "जेवून घे. बसला उशीर होईल."

सविता थांबली. आजी आपल्याशी मराठीत बोलली, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंड उघडलं, काहीतरी शोधलं, फार वेळ शोधलं. मग मराठीतच म्हणाली, "घेते."

परतीच्या बसमध्ये त्या दोघी मराठीतच बोलल्या. हवेबद्दल, हॉस्टेलबद्दल. अमरावतीला रामकलीबाई धारणीच्या बसमध्ये चढल्या आणि मी बडनेऱ्याची वाट धरली.

साताऱ्याला आल्यावर सगळी गल्ली जमवून मी वऱ्हाड सांगितलं. कुत्र्यांची रांग सांगितली, गिल्या वड्यात दिसलेले आजोबा सांगितले, बाभूळ तर मी आणखी बारीक केली. लोक पोट धरून हसले. मग बायकोनं विचारलं, "त्या बाईंची भाषा कशी वाटते हो कानाला?"

मी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्या सबंध वाटभर कोरकू बोलत होत्या. मी डोळे मिटले, आठवायला बसलो, आणि मला एक शब्द सांगता आला नाही.