कुंदामावशीची बुरशी आणि ग्वाल्हेरचे चार दिवस

कुंदामावशीला पुण्याला आणायचंच, असं ठरवून मी ग्वाल्हेरला निघाले. जाताना एक तिकीट, येताना दोन. काका गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि मावशी माधवगंजातल्या घरात एकटी. दर रविवारी मी फोनवर विचारायची, "ठरलं का गं?" आणि ती म्हणायची, "विचार करतेय." अहो, एवढा कसला विचार? मी तर इकडे तिच्यासाठी खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. खरं सांगते, गरज तिच्यापेक्षा माझीच जास्त होती. आई गेल्यापासून घरात मी आणि माझा लॅपटॉप, आणि आईसारखं हसणारं माणूस आता जगात तेवढं एकच उरलंय.

जाणार असाल तर ऐका. पुण्याहून थेट गाडी मिळते, पण अख्खा दिवस आणि वर थोडं डब्यात काढायची तयारी ठेवा. दशम्या आणि चटणी बरोबर घ्याच. ओळखीचं कोणी नसेल तर स्टेशनाजवळ पडाव भागात हॉटेलं आहेत. ई-रिक्षावाल्याने मला बघताच दोनशे सांगितले. "दीदी, सर्दी का टाइम है." थंडी नुकती कुठे पडायला लागली होती, आणि तिचा भाड्याशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी शंभरात आला.

मावशी दारातच उभी होती. वाळलेली वाटली. पण जेवताना जी बडबड सुरू झाली ती थांबेना, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. पुण्याचा विषय काढला की मात्र, "जल्दी काय आहे? आधी जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेढई आणायला गेली. बेढई म्हणजे डाळीचं सारण भरलेली खुसखुशीत पुरी, बरोबर बटाट्याचा झणझणीत रस्सा; ग्वाल्हेरला जाऊन ही खाल्ली नाहीत तर गेलातच कशाला! ती येईपर्यंत घर आवरावं म्हणून मी मागची खोली उघडली. आत काळोख, ओलसर वास, आणि दोरीला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशव्यांत भुसा, आणि भुशावर पांढरीफटक बुरशी. अरे देवा, हिचं घर कुजतंय आणि हिला पत्ता नाही! खिडकी सताड उघडली, पिशव्या गच्चीवर उन्हात नेऊन टाकल्या. आत काय आहे ते बघायला दोन तर कात्रीने कापल्यासुद्धा.

मावशी आली, गच्चीवर बघितलं आणि हातातला पुडा तसाच धरून पिशव्यांपाशी खाली बसली.

"कापल्यास?"

"दोनच. अगं, बुरशी लागली होती!"

"तीच तर हवी होती गं. मशरूम आहेत ते. ढिंगरी."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एका शिबिरात शिकून आली होती बाई. भुसा गरम पाण्यातून काढायचा, बियाणं पेरायचं, पिशवी अंधारात टांगायची आणि सारखं उघडून बघायचं नाही. आतल्या आत पांढरे धागे सगळा भुसा धरतात. मग कुठे उजेड दाखवायचा.

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर दर रविवारी विचारलं असतंस, उगवली का." मग हसली. आईसारखंच. "परेशान नको होऊस. सावलीत ठेव बाकीच्या. बेढई थंड होतेय."

तिसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. गाडीने जायचं तर उरवाई दरवाजाकडून जा, कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती वाटेतच लागतात. मानमंदिर राजवाड्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, पण त्या निळ्या फरशांसाठी पैसे वसूल. नंतर तटाजवळ आम्ही शेंगदाणे खात बसलो. खाली सगळं शहर धुरकट उन्हात पसरलं होतं.

"मी येत नाही, मनू," मावशी म्हणाली. "काका गेले तेव्हा नेलं असतंस तर मुकाट गाडीत बसले असते. मला माझंच काही कळत नव्हतं. तू विचारायचीस, मी म्हणायची विचार करतेय. पण विचार करत नव्हते गं. भांडी घासायची, भुसा भिजवायची, झोपायची. एक दिवस सकाळी उठले आणि कळलं, मला इथेच राहायचंय. केव्हा ठरलं ते मलाच नाही माहीत."

मी समजूतदार भाचीसारखं काहीतरी बोलणार होते, पण तोंडातून निघालं, "मग मी काय करू?" आणि भोकाड पसरलं. चांगली चाळिशीतली बाई! शेजारच्या सहलीतली एक बाई म्हणाली, "क्या हुआ बिटिया को?" मावशीने माझं नाक आपल्या पदराने पुसलं आणि तिला सांगितलं, "कुछ नहीं, भूख लगी है."

चौथ्या दिवशी मी एकटीच परतले. दुसरं तिकीट रद्द केलं. थोडे पैसे कापले जातात, लक्षात असू द्या. मावशीने बरोबर तीळगुळाचा खुसखुशीत गजक दिला होता, तो मी भोपाळ यायच्या आत संपवला. रागावले होते. तिच्यावर, ग्वाल्हेरवर, त्या भुशावरसुद्धा.

मग रोजचं सुरू झालं. कामाचे कॉल, डबा, गॅस संपणं. रविवारी मावशीला फोन करायची, पण काही विचारायची नाही. थंडी वाढली, तापतं दूध उतू जाऊ नये म्हणून एका सकाळी मी ओट्याशी उभी होते, आणि डोक्यात एक गोष्ट अशी आली, जणू मला ती कधीचीच माहीत होती. दूध गेलंच उतू. मी तसाच फोन लावला.

"मावशी, मी तिकडे येऊन राहू का? माझं काम काय, कुठूनही होतं."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

"चांगली रजई एकच आहे गं घरात," ती म्हणाली आणि नाक ओढलं. "थांब, दुसरी आजच भरायला टाकते."