काचेतलं पान आणि माझा पाय

लंडनजवळच्या स्लाऊहून गाडीनं निघाल्यापासून मँचेस्टर येईपर्यंत लेक फोनवरून एकच सांगत होती. "बाबा, तू फक्त उभा राहा. काही करू नकोस."

मँचेस्टरच्या एका जुन्या लायब्ररीतलं तिचं प्रोबेशन संपत आलं होतं. तिला कायम ठेवायचं की नाही, हे आजच्या तिच्या पहिल्या टॉकवर ठरणार होतं. मॅनेजर मागे उभी राहून ऐकणार होती. आता मला बरंच काही जमतं, पण उभं राहणं जमत नाही. ह्यांच्या पायाला भिंगरी आहे, असं बायको लग्नापासून म्हणते.

टॉकचा विषय होता बायबलमधल्या एका शुभवर्तमानाचा ग्रीकमधला, फार जुना पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचं हस्तलिखित. मी मनात जाडजूड पोथी धरून गेलो होतो. निघाला तळहातापेक्षा लहान तुकडा, तुटक्या पापडासारखा.

"एवढ्यासाठी एवढं पेट्रोल?" मी पुटपुटलो.

"अहो, हळू," बायको म्हणाली.

लेक मात्र झकास बोलत होती. तुकड्यावर दोन्हीकडून लिहिलंय, म्हणजे ही गुंडाळी नव्हती, पानं उलटायचं पुस्तक होतं. म्हणून काचेची पेटी खोलीच्या मधोमध ठेवलेली, मागूनही बघता यावं म्हणून. सगळे पुढून बघत होते. मला मागून बघायची घाई. वळताना माझा बूट पेटीच्या पायथ्याला लागला.

पुस्तकाला पाय लागला की आपण विचार करत बसतो का? मी वाकलो, काचेला हात लावला, कपाळाला लावला. अलार्म कोकलायला लागला. घाबरून मी पुन्हा तेच केलं.

गार्ड धावत आला. मॅनेजर पुढे झाली. अलार्म बंद झाल्यावर त्या शांततेत एका गोऱ्या आजींनी लेकीला विचारलं, "हे गृहस्थ ख्रिश्चन आहेत का?"

"नाही," लेक म्हणाली. "माझे वडील आहेत."

लोक हसले. ती कानापर्यंत लाल झाली होती, पण थांबली नाही. "आमच्या घरी पुस्तकाला पाय लागला तर त्याची माफी मागतात. आयकियाच्या कॅटलॉगचीसुद्धा. शाळेत असताना मला याची फार लाज वाटायची." मग तिनं पेटीकडे पाहिलं. "हे पान ज्यांच्या घरात होतं, तेही ते कसं उचलत असतील, कुठे ठेवत असतील, आपल्याला माहीत नाही. चला, आता मागची बाजू बघू."

नंतर आम्ही खाली कॅफेत तिची वाट बघत बसलो. माझा गुडघा इतका हलत होता, की कपातला चहा बशीत यायला लागला. बायकोनं गुडघ्यावर हात दाबून धरला.

लेक आली, बसली, माझा स्कोन उचलून खाऊ लागली.

"अगं, काय झालं?"

"ठेवलं मला." तिनं घास गिळला. "मॅनेजर म्हणाली, तो माफीचा पार्ट पुढच्या टॉकमध्येही ठेव."

"मग मी येतो की."

"पार्ट ठेव म्हणाली, बाबा. तुला नाही."

तेवढ्यात टेबलाखाली माझा पाय तिच्या बॅगेला लागला. बॅगेत पुस्तकं असणार. मी वाकणार, तोच दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

थोडा वेळ मी तसाच बसलो. मग वाकलोच.