आईनं ओळखलेली मेंढरं

नळदुर्गजवळच्या आमच्या गावात मी मास्तर. माझ्या फोनवर व्हिडिओ आला: मुसलमानांनी विष घालून आपली मेंढरं मारली. माझं डोकं फिरलं आणि मी तो तसाच गावच्या ग्रुपवर ढकलला. मग आईला दाखवला. तिचा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला.

"ही पांढरी, लांब कानांची मेंढरं आपल्याकडली न्हाईत. आपली काळी असत्यात," ती म्हणाली, आणि माझ्याच फोनवरून तिनं ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला: "माझ्या लेकानं खोटं पाठवलंय. कुणावर धावून जाऊ नका."

गावात माझी लाज निघाली. तरी आजही वर्गात हे मी छाती काढून सांगतो. फोन परत देताना तिनं विचारलेलंसुद्धा सांगतो:

"मला मेंढरं वळखू आली. तुला शेजारची माणसं वळखू येईनात व्हय?"